देवदूतावरचा अंधार

नाशिक रोडच्या आमच्या चर्चमध्ये दर नाताळला नाटक व्हायचं, आणि त्या नाटकाचा उजेड मी लोणच्याच्या बरण्यांवर करायचो. चिनी मातीच्या मोठ्या सहा बरण्या. एकेका बरणीत मिठाचं पाणी, तळाला लोखंडी पट्टी, वरून दोरीला बांधलेली दुसरी पट्टी, आणि दोन्ही पट्ट्यांना जोडलेली दिव्याची वायर. वरची पट्टी पाण्यात खाली सोडली की दिवा वाढायचा, वर ओढली की मंदावायचा. मंडपवाल्याकडे कामाला होतो तेव्हा तिथल्या उस्तादांकडून हे शिकलो. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली. पण पाणी तापलं की दिवा आपला आपण वाढत जातो, म्हणून नाटक जसं पुढं सरकेल तशी पट्टी बोट-बोट वर घ्यायची असते, हे चौथीच्या पुढच्या कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. ते हाताला कळतं, नाहीतर कळत नाही.

गायनमंडळातल्या बाया बरण्या मांडताना बघायच्या आणि विचारायच्या, "काका, यंदा कैरीचं का लिंबाचं?"

"बोट घालून चाखून बघ, कळेल," मी म्हणायचो. पण जवळ कोणाला येऊ द्यायचो नाही. त्या पाण्यात करंट असायचा.

येऊ द्यायचो ते एका माणसाला, आमच्या हिला. त्याचं कारण असं की मला छापलेलं वाचता येतं पण सावकाश, आणि नाटक काही माझ्यासाठी थांबत नाही. ही रबरी चपला घालून माझ्या उजव्या बाजूला पाटावर बसायची, मांडीवर नाटकाची वही घेऊन, आणि कानाशी सांगायची. "आता मेंढपाळ." "राजवाडा बंद." "तारा, सावकाश हं." मी पट्ट्या हलवायचो. नाटक संपलं की पाळकसाहेब स्टेजवरून आभार मानायचे, त्यात माझं नाव यायचं, मी पडद्यामागून बाहेर येऊन हात जोडायचो, टाळ्या व्हायच्या. हिचं नाव कधी आलं नाही. मला ते कधी खटकलं नाही. खरं लिहायचं तर लक्षातच आलं नाही. चौदा नाताळ असे गेले.

मग दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी इगतपुरीहून बदली होऊन नवे पाळकसाहेब आले. तरुण होते, बोलायला गोड. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सामानाच्या खोलीत माझ्या बरण्या पाहिल्या आणि मला बोलावून घेतलं.

"काका, सलाम. हे पाणी आणि ही वायर एकत्र असते?"

"चौदा वर्षं एकत्र आहेत."

"कोणाला कधी शॉक?"

"मला दोनदा. पण मी ते धरत नाही."

ते हसले नाहीत. दोन महिन्यांत चर्चमध्ये दोन पत्र्याचे डबे आले, चार-चार दिव्यांचे, आणि कोणीतरी दिलेला जुना कॉम्प्युटर आला. डब्यांची वायर कॉम्प्युटरला, दिव्यांची वायर डब्यांना. कॉम्प्युटरमध्ये दिव्यांचं एक फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर पाळकसाहेबांनी स्वतः घातलं. बरण्या मला घरी न्यायला सांगितल्या. आमच्या हिने त्यातल्या दोन धुऊन, उन्हात वाळवून, खरंच लोणच्याला घेतल्या. उरलेल्या चार मी तिला दिल्या नाहीत.

कॉम्प्युटरसमोर पहिला मला बसवलं, हे मी मान्य करतो. पाळकसाहेबांनी मान दिला होता. पडद्यावर आठ उभ्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येकीवर एक गोटी. "काका, या म्हणजे तुमच्या बरण्याच," ते म्हणाले. "गोटी वर नेली की दिवा वर. मग त्या सगळ्या गोट्यांची जागा एक नाव देऊन साठवून ठेवायची. गोठा म्हणा, राजवाडा म्हणा. नाटकात नुसतं एक बटण दाबायचं, सगळं आपोआप तिथे जातं. किती सेकंदांत जायचं तेही आधीच भरून ठेवता येतं."

मी माउस धरला. बाण पळाला आणि पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तो परत आणला. मेंढपाळांचा दिवा वाढवून दाखवा म्हणाले, तर माझा हात खाली गेला आणि दिवा विझला. पुन्हा सांगितलं, पुन्हा हात खालीच गेला. चौदा वर्षं मी उजेड खाली सोडून वाढवला होता. मागे गायनमंडळ सरावाला जमलेलं होतं आणि त्यांच्यातलं कोणीतरी हसलं. मला हसलं की दुसऱ्या कशाला, मला आजही माहीत नाही. मी माउस ठेवला आणि उठलो.

"उलटं आहे तुमचं यंत्र," मी म्हणालो. "मला नको."

"हळूहळू सवय होईल, काका."

"मला सवय आहे. यंत्राला नाही."

पाळकसाहेबांनी मान हलवली, मागे वळून गायनमंडळाला विचारलं, "मग कोण बसेल? नाटक पूर्ण पाठ आहे असं कोण आहे?"

"मला आहे," मागून आवाज आला.

आवाज आमच्या हिचा होता. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर खोचला, पुढे आली, माझ्या ढुंगणाने तापलेल्या खुर्चीवर बसली आणि माउस धरला. बाण तिच्याकडूनही पळाला. पण ती हसली आणि त्याला परत घेऊन आली.

त्या दिवसापासून मी जळायला लागलो. दुसऱ्या कोणाच्या बायकोने, कोणा बाप्याने ती खुर्ची घेतली असती तर मी भांडलो असतो, चार दिवस चर्चला गेलो नसतो आणि मोकळा झालो असतो. हिच्याशी काय भांडणार? सकाळी चहा तीच द्यायची.

ही दहावी झालेली. बालवाडीत मदतनीस होती. दुपारी बालवाडी सुटली की जेलरोडच्या घरी न येता सरळ चर्चला जायची. मीही जायचो. पंख्याला तेल घालायचं आहे, ट्यूबची पट्टी सैल झाली आहे, असं काहीबाही सांगून शिडी लावायचो आणि वरून बघायचो. तिने चष्मा लावलेला असायचा. तो चष्मा मीच घेऊन दिला होता, माझं नाटक मला वाचून दाखवायला. पाळकसाहेब शेजारी स्टुलावर बसून काही सांगायचे आणि ती मान डोलवायची, मध्येच "थांबा, मी करते" म्हणायची. बरण्यांजवळ ती कधी "मी करते" म्हणाली नव्हती. हसलीही नव्हती. मीच तर बजावलं होतं, करंटजवळ हसायचं नाही.

"तेल किती घालाल, काका?" पाळकसाहेब खालून विचारायचे. "पंखा उडून जाईल."

ही वर न बघता म्हणायची, "घालू द्या. त्यांना सगळं नीट लागतं."

यातलं 'सगळं' ती माझ्या बाजूने बोलली की माझ्यावर, हे ठरवण्यात माझी संध्याकाळ जायची.

एकदा घरी पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, "अहो, पहाट किती सेकंदांची?"

मी जेवत होतो. "पहाट सेकंदांत नसते."

"त्यात एक चौकोन आहे. आकडा भरल्याशिवाय पुढं जात नाही."

"मग नको जाऊ पुढं."

तिने पोळी उलटली. फुगली ती, पोळी, आणि हिने फडक्याने तिला दाबून वाफ काढली. "बावीस," ती म्हणाली.

"काय बावीस?"

"तुम्ही पहाटेला बावीस मोजता. ओठ हलतात तुमचे. ताऱ्याला नऊ. गोठ्याला पंधरा, पण ज्या वर्षी तुम्हाला सर्दी होती त्या वर्षी वीस मोजले होते, आणि मरिया गोठ्यात येऊन उभी राहिली तरी उजेड आला नव्हता."

माझा घास हातातच राहिला. मी मोजतो हे मलाच माहीत नव्हतं. मला वाटायचं ते हातात आहे, देवाने दिलंय. आणि ही पाटावर बसून चौदा वर्षं माझे ओठ मोजत होती, आणि आता ते सगळं नेऊन चौकोनात भरत होती. बावीस. नऊ. पंधरा. यंत्र शिकली याचं मला एवढं वाटलं नव्हतं. माझ्या तोंडातलं काढून घेतलं याचं वाटलं.

"भाजी घ्या," ती म्हणाली.

"नको."

आता मी जे केलं ते लिहितो. चर्चमध्ये ते कोणाला मी सांगितलेलं नाही.

दिव्यांचं वायरिंग अजून माझ्याकडेच होतं. ते काम पाळकसाहेबांना येत नव्हतं आणि हिलाही येत नव्हतं, देवाची कृपा. देवदूताचा दिवा स्टेजच्या उजव्या बाजूला उंचावर. त्याची वायर डब्यापासून भिंतीच्या कडेने बाजूच्या दाराशी यायची आणि तिथून वर जायची. मी दाराशी, लाकडी पट्टीच्या आड, त्या वायरीत एक साधा स्विच घातला. स्वतःला सांगितलं, सेफ्टीसाठी. काही शॉर्ट झालं तर हाताशी असावा. पण बाकी सात दिव्यांना मी सेफ्टी ठेवली नाही, तेव्हा ते काय होतं ते मला ठाऊक होतं. एक तरी दिवा असा हवा होता, जो तिने बटण दाबूनही माझ्याशिवाय लागणार नाही. तो लागला नाही की ती वळेल, मला शोधेल, आणि मी दिवा देईन. एवढंच.

नाटक दोनदा व्हायचं. शनिवारी संध्याकाळी मंडळीसाठी, आणि रविवारी संध्याकाळी आजूबाजूच्या कॉलन्यांतल्या सगळ्यांसाठी, नोटांच्या प्रेसमधले लोक बायकापोरांना घेऊन यायचे. शनिवारी चर्च भरलं होतं. ही खाली डाव्या बाजूला टेबलाशी बसली होती, नवी निळी साडी, तोंडावर पडद्याचा उजेड. मी उजव्या दाराशी उभा होतो. मला काही काम दिलेलं नव्हतं. लोकांना वाटलं मी दार सांभाळतोय.

पहाट झाली. बावीसला झाली, आणि चांगली झाली, काय सांगू. राजवाडा आला आणि गेला. मग मेंढपाळ शेकोटीभोवती झोपले, त्यांचा दिवा विझत गेला, आणि पूर्ण अंधार. इथे देवदूत यायचा. संडे स्कूलची शिक्षिका देवदूत होती, पांढऱ्या झग्यात. ती उंच चौथऱ्यावर चढल्याचा आवाज मला ऐकू आला. हिने बटण दाबलं. मी बघितलं, बोट दाबताना बघितलं. दिवा लागला नाही. माझा हात स्विचवर होता.

वळ, मी मनात म्हणत होतो. वळ इकडे.

ती वळली नाही. पडद्याकडे बघितलं, एकदा देवदूताच्या दिशेला अंधारात बघितलं, आणि मग तिने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. नुसती बसून राहिली. बसस्टॉपवर बसतात तशी. तेव्हा मला कळलं की तिला कळलं आहे.

बिचाऱ्या देवदूताला वाट बघवेना. तिने अंधारातच आपलं वाक्य म्हटलं. शिक्षिकेचा आवाज तसा बारीक, रोज ऐकलेला. पण अंधारात कुठून येतोय ते कळेना, आणि त्या एवढ्या माणसांत साधं खोकलंही कोणी नाही. एका लहान लेकराने "आई" म्हटलं तेवढंच. आणि हात, चौदा वर्षांचा हात, माझ्या परवानगीशिवाय खाली गेला आणि त्याने स्विच दाबला. यंत्रात दिवा कधीचा पूर्ण वाढून बसला होता, त्यामुळे तो सावकाश आलाच नाही. एकदम आला. पांढरा झगा, पंख, सगळं एका क्षणात डोळ्यांवर. अख्ख्या चर्चच्या तोंडून एकच "आँ" निघालं.

असला उजेड मी बरण्यांवर कधी केला नव्हता. बरणीवर होतच नाही तो.

नाटक संपल्यावर लोक माझ्याकडे आले नाहीत, टेबलाकडे गेले. पाळकसाहेब तर धावतच गेले. "काकू! आधी आवाज, मग उजेड! सरावात तर हे नव्हतं. कसं सुचलं तुम्हाला?" बायांनी तिला घेरलं. कोणी तिचा हात हातात घेतला होता. मी दाराशी उभा. अंधार माझा होता. केला मी होता. आणि माझा आहे म्हणायचं तर आधी स्विच दाखवावा लागणार होता. अशी गोची माझ्या शत्रूचीही होऊ नये.

तेवढ्यात ही सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "मला नाही सुचलं. ते यांचं आहे. ते उभे आहेत ना दाराशी, त्यांना विचारा."

सगळे वळले. पाळकसाहेब माझ्याकडे आले, दोन्ही हातांनी माझा हात धरला. "काका, तुम्ही? खरंच?"

आणि मी म्हणालो, "हो. वाटलं तसं करावं."

शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. मला तिचा आणखीच हेवा वाटला. तिच्या हातात आलेलं तिने असं उचलून देऊन टाकलं, जसं काही तिच्याकडे खूप पडलंय. मला चौदा वर्षांत एकदाही तसं जमलं नव्हतं.

आम्ही घरी आलो. कुलूप काढलं, चपला काढल्या, पाणी प्यायली. मग म्हणाली, "स्विच पट्टीमागे आहे ना?"

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? शुक्रवारी तुम्ही त्या दाराशी अर्धा तास होतात. त्या दाराला काय आहे दुरुस्त करण्यासारखं?"

"मग पाळकसाहेबांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? माझा नवरा माझ्यावर जळतोय? या वयात?" आणि ती हसायला लागली. मला राग आला, आणि ती हसत असतानाच मी म्हणालो, "हस, हस. करंट नाही इथे." त्यावर तिला इतकं हसू आलं की ती खाली बसली. मी अंगण झाडायला बाहेर गेलो. अंगण झाडलेलंच होतं.

रविवारी उपासना झाल्यावर मी स्विच काढला आणि वायर नीट जोडून टाकली. दुपारी ही टेबलाशी बसली, पाळकसाहेब शेजारी. कालच्यासारखंच आजही करायचं ठरलं होतं. ती म्हणाली, "अहो, इकडे या. देवदूताचा अंधार किती ठेवू? काल तुमच्या हातात होता. किती मोजलेत?"

मी काल काही मोजलं नव्हतं. काल मी रागाने उभा होतो. पण पाळकसाहेब माझ्याकडे बघत होते. "अठरा," मी म्हणालो.

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अकरा होते. मी मोजले."

"अठरा."

"अकराच्या आत तिचं वाक्य संपतं. त्यापुढं..."

"माझा अंधार आहे," मी म्हणालो. "अठरा."

पाळकसाहेब खाली बघून काहीतरी शोधायला लागले. हिने एकदा श्वास घेतला आणि चौकोनात एक आणि आठ दाबले. मी स्वतः बघितलं. आकडे मला कोणत्याही लिपीत वाचता येतात.

संध्याकाळी मी दाराशी गेलो नाही, शेवटच्या बाकावर बसलो. मेंढपाळ झोपले. अंधार झाला. देवदूताने वाक्य म्हटलं, काल झाली तशी शांतता झाली, आणि अकराला, अगदी अकराला, माझ्या सगळ्या अंगाला कळलं की आता. आत्ता. उजेड आला नाही. बारा. कोणीतरी बाक सरकवला. तेरा. पुढे कुजबुज झाली. चौदाला एक बाप्या म्हणाला, "लाइट गेली काय?" आणि दोघे-तिघे हसले. देवदूत अंधारात उभी, वाक्य संपलेलं, तिने काय करावं? मी टेबलाकडे बघत होतो. हिचं बोट बटणापाशी होतं. तिला नुसतं दाबायचं होतं, उजेड आला असता, यंत्राने ऐकलं असतं. तिने दाबलं नाही. माझ्या शब्दासाठी ती त्या हसण्यात बसून राहिली. अठराला दिवा आला. चांगला आला, पण "आँ" कोणी म्हटलं नाही.

कार्यक्रम संपला. पाळकसाहेबांनी आभारात हिचं नाव घेतलं आणि माझंही घेतलं. मी उभा राहिलो नाही.

आम्ही चालत निघालो. जेलरोडच्या वळणावर एक रिक्षा थांबली, "काका, सोडू का?" मी नको म्हणालो. ती पुढे गेली तेव्हा मी म्हणालो, "अकरा बरोबर होते."

लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती. मी तिला बरोबर आहेस असं कधी म्हटलं होतं का, मी आठवून पाहिलं, आठवलं नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. आणि थोडं चालल्यावर, "पुढल्या वर्षी अकरा भरते."

"भर," मी म्हणालो. मनात मात्र तेव्हाही होतंच, की बटणावरचं बोट तिचं असणार.